पिकअपचा अल्टरनेटर घरी बदलताना: मागचा व्हॅक्युम पंप विसरू नका

चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा पेटून राहिला, रात्री हेडलाइट पिवळे पडले किंवा सकाळी सेल्फ नुसता टक-टक करून थांबला, की ‘डायनामो गेला’ असं म्हणून आपण मोकळे होतो. गॅरेजमध्ये अल्टरनेटरला आजही डायनामोच म्हणतात. बोलेरो पिकअपसारख्या डिझेल गाडीत तो घरासमोरच्या मोकळ्या जागेत, साध्या पान्यांनी, अर्ध्या दिवसात बदलता येतो. फक्त कारचं काम केलेल्या माणसाची इथे एक ठरलेली चूक होते. बऱ्याच डिझेल पिकअपमध्ये अल्टरनेटरच्या पाठीलाच व्हॅक्युम पंप जोडलेला असतो. त्याला इंजिनचं ऑइल लागतं आणि त्याच्या हवेच्या ओढीवर ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पॅडल हलकं करणारा भाग, चालतो. म्हणजे काम विजेचं दिसलं तरी त्यात ब्रेकही येतो आणि ऑइलही.

तुमच्या गाडीत तसा पंप आहे का, ते बोनेट उघडून पाहा. अल्टरनेटरच्या मागे फक्त वायरी दिसल्या तर पंप नाही. वायरींबरोबर एक जाड रबरी नळी बूस्टरकडे आणि दोन नळ्या इंजिनकडे जाताना दिसल्या तर पंप आहे. अशा गाडीचा पट्टा रस्त्यात तुटला तर नुसतं चार्जिंग जात नाही, ब्रेकची मदतही जाते. पॅडल दगडासारखं कडक होतं आणि बूस्टरमध्ये उरलेल्या हवेच्या ओढीवर दोन-तीन ब्रेक लागले तर लागतात. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप असेल तर इंजिनही तापतं. पट्टा तुटल्यावर भरलेली गाडी ‘हळूहळू नेतो’ म्हणून पुढे काढू नका. मग ती हैदराबाद रोडला असो, नाहीतर तुळजापूरच्या घाटाखाली.

खोलण्याआधी दहा मिनिटं मल्टिमीटर

बदललेल्या अल्टरनेटरपैकी बरेच मुळात चांगले असतात. दोष ढिल्या टर्मिनलचा, गंजलेल्या अर्थिंगचा, उडालेल्या बल्बचा किंवा मेलेल्या बॅटरीचा असतो. साधा डिजिटल मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावा.

गाडी रात्रभर बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. आता इंजिन सुरू करून थोडी रेस द्या आणि पुन्हा मोजा. १३.८ ते १४.५ हवेत. सोलापूरच्या मे महिन्यात, दुपारी तापलेल्या इंजिनवर १३.६ दिसले तरी घाबरायचं कारण नाही, कारण गरम झालं की रेग्युलेटर, म्हणजे अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग, ते थोडं उतरवतो. सुरू इंजिनवरही १२.४ वरून आकडा खालीच सरकत असेल तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर गेलाय. अशी गाडी चालवत राहिलात तर बॅटरीचं पाणी उकळेल आणि बल्ब एकेक करून उडतील. मग हेडलाइट अप्परला, ब्लोअर पूर्ण, आणि पुन्हा मोजा. रेस धरलेली असताना १३ च्या वर टिकायला हवं. (बीएस ६ च्या काही गाड्यांत चार्जिंगवर कॉम्प्युटरचा ताबा असतो. तिथे आकडा मुद्दाम वरखाली होतो, म्हणून एका वाचनावर निकाल देऊ नका.)

आकडा कमी आला तरी लगेच पाना उचलू नका. इंजिन सुरू, हेडलाइट चालू ठेवून मीटरची एक तार अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर धरा. इथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर वायर, लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) किंवा मधला मोठा फ्यूज खराब आहे. तसंच अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचं मायनस यांच्यामध्ये पाहा. तिथे ०.२ च्या वर गेलं तर अर्थिंगची पट्टी घासून, घट्ट करून घ्या. शेताच्या वाटेनं चिखल-माती खाल्लेल्या गाडीत ही अर्थिंग हमखास गंजते. हे मोजताना मीटरच्या तारा आणि तुमच्या बाह्या फिरत्या पट्ट्यापासून लांब ठेवा.

आता लाल दिवा. चावी ऑन, इंजिन बंद: दिवा पेटलाच पाहिजे. जुन्या धाटणीच्या गाड्यांत याच बल्बमधून अल्टरनेटरच्या रोटरला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला, पहिला करंट मिळतो, म्हणून बल्ब उडाला की धडधाकट अल्टरनेटरही जागा होत नाही. दिवा पेटत नसेल तर अल्टरनेटरवरची बारीक वायर काढून तिचं टोक चावी ऑन असताना बॉडीला टेकवा. दिवा पेटला तर वायर आणि बल्ब ठीक आहेत, दोष आत आहे, बहुधा झिजलेले कार्बन, म्हणजे रोटरला करंट पोचवणारे घासते तुकडे. नाही पेटला तर बल्ब, फ्यूज किंवा वायर बघा. हा प्रयोग जाड वायरवर चुकूनही करू नका, तिथे सतत बॅटरीचा करंट असतो आणि मोठा जाळ होतो. बीएस ६ गाडीतही हा प्रयोग नको. दिवा पेटत असेल तर चावी ऑन ठेवूनच अल्टरनेटरच्या पुलीच्या नटजवळ स्क्रू-ड्रायव्हर न्या. लोहचुंबकासारखी ओढ जाणवली तर रोटरला करंट पोचतोय.

एक पद्धत मात्र कोणी कितीही खात्रीनं सांगितली तरी करू नका: गाडी सुरू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि इंजिन चालू राहिलं तर डायनामो चांगला म्हणायचं. बॅटरी व्होल्टेजचा धक्का पोटात घेते. ती अचानक सुटली की त्या क्षणी व्होल्टेज कितीतरी पट उसळतं आणि अल्टरनेटरमधले डायोड (एसीचा डीसी करंट करणारे भाग), रेग्युलेटर, कधी ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरसुद्धा जातो. शिवाय डिझेलचा पंप मेकॅनिकल असलेलं इंजिन बऱ्याचदा विजेशिवायही चालत राहतं, त्यामुळे या परीक्षेतून काहीच कळत नाही.

नवा, रिपेअर केलेला, की फक्त कार्बन

कार्बन झिजले असतील किंवा कटआउट, म्हणजे रेग्युलेटर, गेला असेल तर अख्खा अल्टरनेटर बदलायची गरज नसते. ५ मिमीपेक्षा छोटे उरलेले कार्बन बदला आणि त्याच वेळी रोटरच्या तांब्याच्या कड्यांवर खोल खाच पडलीय का, ते पाहा. खाच असेल तर नवे कार्बनही लवकर संपतील. बेअरिंगचा घरघराट असेल तर दोन्ही बेअरिंग बदलता येतात, त्यासाठी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे प्रेस आणि पुलर असतात. वाइंडिंग काळं पडलंय, जळका वास येतोय, किंवा आत ऑइल शिरून सगळं चिकट झालंय अशा वेळी मात्र पूर्ण बदलणंच परवडतं.

ऑइल शिरलेलं दिसलं तर त्याचं कारण समजून घ्या. व्हॅक्युम पंप आणि अल्टरनेटर यांच्यामध्ये एक ऑइल सील असते. ती गेली की ऑइल वाइंडिंगवर येतं, त्यावर धूळ बसते, कार्बन चिकटतात. ऑइलची परतीची नळी दुमडली किंवा गाळानं भरली तरी हेच होतं, कारण ऑइलला खाली उतरायला वाट राहत नाही. ती नळी तपासल्याशिवाय नवा बसवला तर काही महिन्यांत तोही ऑइलनं माखतो.

दुकानात जाताना जुना अल्टरनेटर गाडीतून काढून बरोबर न्या, नुसतं गाडीचं नाव सांगू नका. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत वेगळे भाग बसतात. काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून पुलीचा प्रकार आणि खाचांची संख्या, पुलीचा व्यास, बोल्टच्या कानांमधलं अंतर, वायरींच्या कपलरच्या पिना, लेबलवरचे व्होल्ट आणि अँपिअर, आणि पंपाच्या नळ्यांची तोंडं कुठल्या बाजूला आहेत, हे सगळं जुळवा. अँपिअर जुन्याएवढे किंवा जास्त चालतील, कमी नकोत. काही नव्या धाटणीच्या कॉमन रेल डिझेल गाड्यांत पुली एकाच दिशेला पकडणारी क्लचची असते. तिच्या जागी साधी पुली आली तर पट्टा थरथरतो आणि त्याचा ताण धरणारा टेन्शनर लवकर जातो. बऱ्याच ठिकाणी जुना परत दिला की किंमत कमी होते, तेव्हा नवा बसेपर्यंत जुना भंगारात घालू नका. त्याच फेरीत पट्टा, पंपाच्या ऑइल बोल्टसाठी तांब्याचे नवे वॉशर आणि जुनी झाली असेल तर परतीची नळी क्लिपसह घ्या. पोकळ बोल्टनं बसणाऱ्या एका जोडाला दोन वॉशर लागतात, एक वर आणि एक खाली. जुने वॉशर परत वापरले की थेंब-थेंब गळती ठरलेली.

खोलताना

सपाट जागा, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक वर, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड. इंजिन पूर्ण थंड हवं. उन्हाळ्यात काम सकाळी सातला सुरू केलेलं बरं, दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही. खालून शिरायचं असेल तर गाडी जॅक-स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही.

हत्यारांमध्ये १०, १२, १३, १४ आणि १७ नंबरचे रिंग पाने आणि गोटी, एक्स्टेन्शनसह रॅचेट, पकड, स्क्रू-ड्रायव्हर, एक फूटभर लांबीची टॉमी (लोखंडी कांब), वायरब्रश, चिंध्या आणि ऑइल पडेल तिथे ठेवायला पसरट डबा पुरतो. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, सकाळी निम्मं कष्ट वाचतं.

पहिलं काम बॅटरीचं मायनस टर्मिनल काढणं. ते काढून चिंधीत गुंडाळून बाजूला बांधा. हे सोडून जाड वायरला पाना लावला आणि पाना बॉडीला टेकला, तर पाना तिथेच चिकटून लाल होतो. मग मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा: पट्ट्याचा मार्ग, वायरींची जागा, कुठली नळी कुठे जाते.

पट्टा सैल करायला आधी खालचा मुख्य बोल्ट आणि वरच्या पट्टीचा बोल्ट थोडे ढिले करा, मग ताणाचा स्क्रू उलटा फिरवून अल्टरनेटर इंजिनकडे ढकला. आपोआप ताण घेणारा टेन्शनर असेल तर तो पान्यानं दाबून धरा आणि पट्टा उतरवा. उतरवलेला पट्टा उलटा वाकवून पाहा. भेगा, सुटलेले धागे किंवा ऑइलनं मऊ पडलेला भाग दिसला तर तो परत चढवू नका. पट्टा नाही तोवर पाण्याच्या पंपाची पुली हातानं फिरवून बघा. ती हलत असेल किंवा खरखर करत असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

वायरींमध्ये कपलरची कुलूप-पट्टी दाबून मगच ओढा, वायर धरून नाही. जाड वायरचा नट सोडताना खालचा बोल्ट फिरू देऊ नका, तो फिरला तर आत डायोड प्लेट तुटते. मग व्हॅक्युमची जाड नळी. ती वर्षानुवर्षं चिकटलेली असते. ओढू नका, आधी पिळून सैल करा. नंतर ऑइलचा बारीक पाइप आणि सगळ्यात खालची परतीची नळी. थोडं ऑइल सांडेल, डबा तिथेच ठेवा. उघडी पडलेली सगळी तोंडं स्वच्छ चिंधीनं किंवा प्लास्टिकनं लगेच बांधा. आपल्याकडे वाऱ्याची एक झुळूक आली तरी धूळ उडते आणि ऑइलच्या पाइपात गेलेली माती थेट नव्या पंपाच्या पात्यांवर जाते.

शेवटी मुख्य बोल्ट काढा. पंपासह याचं वजन पाच-सात किलो भरतं आणि तो अडचणीच्या जागेतून काढावा लागतो, म्हणून बोल्ट बाहेर येण्याआधी एक हात खाली हवाच. मध्ये पातळ वॉशर किंवा बुश असेल तर तो कुठल्या बाजूला होता, ते लिहून ठेवा.

बसवताना

ब्रॅकेटची आणि इंजिनची बसायची जागा वायरब्रशनं चकचकीत करा. अल्टरनेटरची अर्थिंग बऱ्याचदा याच जागेतून होते, त्यामुळे रंग किंवा गंज मध्ये राहिला की नवा भागही कमी चार्जिंग करतो.

नव्या पंपाच्या ऑइलच्या तोंडात स्वच्छ इंजिन ऑइलचे दहा-बारा थेंब सोडा आणि पुली हातानं आठ-दहा वेळा चालण्याच्या दिशेनं फिरवा. पंपाची पाती पहिल्या काही सेकंदांत कोरडी घासली तर तिथेच ओरखडतात. ऑइल जास्त मात्र ओतू नका. पंप भरून गेला तर पुली अडते आणि पहिल्याच सेल्फला पात्यांवर जोर येतो.

खालचा मुख्य बोल्ट हातानं लावा, घट्ट करू नका. वरचा बोल्टही तसाच. जागा अडचणीची असेल तर ऑइलचा पाइप आणि परतीची नळी आत्ताच जोडा. पोकळ बोल्ट नव्या वॉशरसह आधी बोटांनी पूर्ण फिरला पाहिजे. आटे तिरके बसले तर तिथल्या तिथे काढून पुन्हा लावा. मग तो बेताचाच आवळा. आतून पोकळ असल्यानं तो जोर लावला की तुटतो. परतीच्या नळीला कुठेही दुमड नको, तिला सतत खालच्या दिशेनं उतार हवा. व्हॅक्युमच्या नळीत एकाच दिशेनं हवा सोडणारा व्हॉल्व्ह असेल तर तो जसा होता तसाच बसवा. हवा बूस्टरकडून पंपाकडे गेली पाहिजे. तो उलटा बसला तर ब्रेकला मदत मिळणार नाही.

पट्टा चढवून पुल्या एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी धरून पाहा. खाचांचा पट्टा एक खाच बाजूला बसलेला वरून पाहून कळत नाही, बोट फिरवून तपासा. ताण देताना टॉमी अल्टरनेटरच्या पुढच्या जाड ओतीव भागावर टेकवा. मागच्या पंपावर किंवा मधल्या पातळ पत्र्यांवर जोर दिला तर बॉडी तडकते. साध्या व्ही पट्ट्यात दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब भागाच्या मध्यावर अंगठ्यानं दाबल्यावर सुमारे १० ते १२ मिमी दबला तर ताण योग्य आहे. त्यापेक्षा सैल असला तर हेडलाइट लावताच चिरकतो. जास्त ताणलात तर अल्टरनेटरचं आणि पाण्याच्या पंपाचंही बेअरिंग खातो. आता बोल्ट घट्ट करा, आधी वरचा, मग खालचा.

जाड वायरचा लग घासून स्वच्छ करा, नट घट्ट पण बेतानं आवळा आणि वरचं रबरी टोपण नक्की चढवा. ते नसेल तर दुसऱ्या कोणाचा पाना कधीतरी तिथे टेकेल. वायरी पट्ट्यापासून आणि सायलेन्सरपासून लांब बांधा. शेवटी बॅटरीचं मायनस.

इथे एक काम लोक टाळतात आणि नव्या अल्टरनेटरचं आयुष्य तिथेच कमी करतात. रिकामी झालेली बॅटरी आधी चार्जरवर लावा. अल्टरनेटर बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी आहे, मेलेली बॅटरी भरण्यासाठी नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी त्याच्यावर सोपवली की तो तासन् तास पूर्ण भारावर चालतो आणि ४२ अंशांच्या उन्हात बोनेटखाली डायोड भाजतात. ७० ते ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीला ५-६ अँपिअरच्या चार्जरवर रात्रभर ठेवा. मायनसच्या टर्मिनलवर सेन्सर असलेल्या गाडीत चार्जरची मायनस क्लिप बॅटरीच्या खुंट्याऐवजी बॉडीला लावा. रात्रभर ठेवूनही ती १२.४ च्या वर टिकत नसेल तर बॅटरीच बदला.

सुरू केल्यावर

चावी ऑन केली की लाल दिवा पेटला पाहिजे आणि इंजिन सुरू होऊन थोडी रेस दिली की विझला पाहिजे. मीटर लावून सुरुवातीचीच सगळी वाचनं पुन्हा घ्या. दिवा विझल्यावरही अंधुक पेटलेला दिसला तर एखादा डायोड किंवा जोड संशयास्पद आहे. मीटर एसी व्होल्टवर घेऊन सुरू इंजिनवर बॅटरीत मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर डायोड गेलेला आहे आणि तो अल्टरनेटर परत करा.

गाडी जागची हलवण्याआधी ब्रेक. इंजिन बंद ठेवून पॅडल पाच-सहा वेळा दाबा, ते कडक होईल. तसंच दाबून धरून इंजिन सुरू करा. पॅडल पायाखाली थोडं खाली गेलं तर व्हॅक्युम तयार होतंय. काहीच हललं नाही तर नळी, व्हॉल्व्ह किंवा पंप यात चूक आहे. ती सापडेपर्यंत गाडी गल्लीच्या टोकापर्यंतही नेऊ नका.

दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून ऑइलचे जोड टॉर्चनं पाहा, कोरड्या चिंधीनं पुसून पुन्हा पाहा. इंजिन बंद करून थोड्या वेळानं डिपस्टिक तपासा आणि सांडलेलं ऑइल भरा. नवा पट्टा सुरुवातीला थोडा लांबतो. पंढरपूरला एक खेप जाऊन-येऊन झाली की थंड इंजिनवर ताण परत बघा, बोल्टही एकदा आवळा.

नवा पुन्हा का जळतो

बहुतेक वेळा भारामुळे. हेडलाइटचे दोन ६० वॅटचे बल्ब १० अँपिअर खातात. त्यावर बंपरला जादा लाइट, केबिनला झगमगाट आणि मागे ५०० वॅटचा अँप्लिफायर लावला तर त्या अँप्लिफायरलाच ४० अँपिअर लागतात. मिरवणुकीत गाडी पायी वेगानं, म्हणजे जवळजवळ आयडलवर चालते, तेव्हा अल्टरनेटर लेबलवरच्या अँपिअरपेक्षा बरेच कमी देतो. उरलेलं बॅटरीतून जातं आणि नंतर तीच रिकामी बॅटरी भरताना तो तापतो. साउंडला जनरेटर लावा, गाडीची बॅटरी नाही.

दुसरं कारण हवा. अल्टरनेटर स्वतःच्या पंख्यानं थंड राहतो. मार्केट यार्डात कांद्याची टरफलं, उसाच्या फडात पाचट, रस्त्यावरची काळी धूळ हे सगळं ऑइलच्या ओलाव्यावर थापलं की जाळ्या बुजतात. महिन्यातून एकदा कोरडी हवा मारून त्या मोकळ्या करा. वॉशिंग सेंटरला गाडी दिली तर प्रेशरचं पाणी अल्टरनेटरवर मारू नका असं आधीच सांगा, किंवा त्यावर प्लास्टिक बांधून द्या आणि धुऊन झाल्यावर काढायला विसरू नका.